मी वेळेवर मेले नाही

धाकट्या बहिणीची सुपारी फुटायच्या दोन दिवस आधी मी मंद्रूपला जाऊन ती थांबवली आणि माझ्या नवऱ्याची दुसरी बायको म्हणून तिला राखून ठेवलं. तेव्हा नवराही जिवंत होता आणि मीही. इतका मोठा गाढवपणा करायला अक्कल लागते, आणि चोविसाव्या वर्षी ती माझ्याकडे भरपूर होती. आता पंच्याहत्तरी ओलांडली. नातवंडं विचारतात, आजी, तुझी सगळ्यांत मोठी चूक कोणती? मी सांगते, तुमच्या आजोबांना भाजी आणायला पाठवायचे ती. खरी चूक अजून कुणाला सांगितलेली नाही. इथे लिहिते, कारण लिहिताना मध्येच कुणी बोलत नाही.

दुष्काळ सरला त्या वर्षीची गोष्ट. शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत आम्ही राहायचो. सासूबाई, हे, मी आणि आमची दोन वर्षांची मुलगी. हे गिरणीत टाइमकीपर होते. त्या उन्हाळ्यात माझी बोटं सकाळी वळेनाशी झाली. भाकरी थापायला बसले की पीठ परातीत आणि हात हवेत. सासूबाई म्हणायच्या, "पिठाला नमस्कार करतीस का गं?" मग ताप यायला लागला. वेणी घालायला घेतली की केसांचा पुंजका हातात यायचा. नाकावरून दोन्ही गालांवर लाल चट्टा उमटला, आणि उन्हात पाऊल टाकलं की तो भाजल्यासारखा व्हायचा. सासूबाईंनी वांग समजून त्यावर जायफळ उगाळून लावलं. मुलीनंतर दोनदा दिवस राहिले होते, दोन्ही वेळा पोट रिकामं झालं होतं. त्याचा दोष माझ्या भरभर चालण्याला मिळाला. पुढं पावलं इतकी सुजली की चपलेत जाईनात, तेव्हा माझं चालणं आपोआप सुधारलं.

सात रस्त्याजवळ एका वयस्कर डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी माझं रक्त पुण्याला पाठवलं. लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती तापली आणि दुधासारखी पांढरी झाली. मला वाटलं, काहीतरी चांगलं निघालं. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर तसं वाटेना.

पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. ह्यांना आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. मध्ये अर्ध्या उंचीचं झुलतं दार होतं. त्या दारानं काय अडतंय?

"ल्युपस म्हणतात ह्याला," डॉक्टर आत म्हणाले. "म्हणजे लांडगा. शरीर आपलंच शरीर खात सुटतं. सांधे, कातडी, आणि हिच्या बाबतीत मूत्रपिंडं. ह्यात पाच वर्षं धरून चालायची. पुस्तकात तसंच आहे."

ह्यांनी काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "तिला नका सांगू."

हे बाहेर आले. "अशक्तपणा आहे," म्हणाले. "गोळ्या दिल्यात. उन्हात फिरायचं नाही, जेवणात मीठ नाही."

"बरं," मी म्हणाले.

परत येताना त्यांनी वाटेत मला डझनभर केळी घेऊन दिली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, त्यांनी वाटेत थांबून मला कधी काही घेऊन दिलं नव्हतं. डॉक्टरांच्या बोलण्याबद्दल थोडी शंका होती, ती केळी बघून गेली.

आता खरं सांगते. दोन दिवस मी भीतीनं गार पडले होते, तिसऱ्या दिवशी मला ऐट चढली. आख्ख्या पेठेत आपण कधी मरणार हे कुणाला ठाऊक होतं? मला होतं. घरात कुणी नसलं की मी आरशासमोर हात जोडून, डोळे मिटून उभी राहायची, मेल्यावर कशी दिसेन ते बघायला. डोळे मिटल्यावर आरशात काय दिसणार, एवढंही त्या बाईला सुचत नव्हतं. कपाळावर कुंकू असताना जायचं म्हणून हिरवं इरकल ट्रंकेत वेगळं काढून ठेवलं. हळदीकुंकवाला गेले की साठीच्या बायकांकडे मी दयेनं बघायची. ह्यांना आपला दिवस माहीत नाही, बिचाऱ्या.

ती ऐट मुलीपाशी मात्र टिकत नव्हती. तिला जेवू घालताना एकच विचार यायचा. मी गेल्यावर हे दुसरं लग्न करणार, आणि येणारी माझ्या पोरीच्या पानात काय वाढणार? आमच्याकडे थोरली गेली की धाकटीला त्याच घरात देतात. लेकरू मावशीच्या हाती जातं, घरात परकी येत नाही. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. फक्त सगळे हे थोरली गेल्यावर करतात. मी आधीच आवरायला घेतलं. दिवाळीचा फराळसुद्धा मी आठ दिवस आधी करून ठेवायची, तसंच हे.

बाजाराच्या दिवशी मुलीला काखेत घेऊन मी एस्टीनं माहेरी, मंद्रूपला गेले. धाकटी अंगणात ज्वारी निवडत होती. एकोणीस वर्षांची. अक्कलकोटकडच्या एका शाळामास्तरानं तिला बघून पसंत केली होती. बघायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता, कन्नड येतं का म्हणून. आमच्या आव्वाचं, म्हणजे आईचं, माहेर तिकडचंच, त्यामुळे हिला येत होतं. तिनं कन्नडमध्ये उत्तर दिलं आणि तो हसला, असं तिनं मला गेल्या खेपेला चारदा सांगितलं होतं.

मी आप्पांना म्हटलं, "ती सुपारी थांबवा."

"अगं, परवा मानसं येनार हाईत," आप्पा म्हणाले. "पोरगा चांगला हाय की. काय सांगू त्यास्नी?"

"थोरली मरायला टेकलीया म्हणून सांगा."

आव्वानं तोंडात पदर कोंबला. मी झुलत्या दाराआडून ऐकलेलं सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, दोन-चार वाढवलेच असतील. आप्पा उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

धाकटीनं सुपातले हात काढले नाहीत. "आक्का, तू मरनार हे कुनी सांगितलं?"

"डाक्टरनं."

"मग दुसऱ्या डाक्टरला इचार की."

एकोणीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या पोरीला जे एका क्षणात सुचलं, ते मला पुढं पाच वर्षं सुचलं नाही. उलट मला राग आला. हिला माझ्या मरणाची काही किंमतच नाही, असं वाटलं. मी तिचा हात ओढला, माझ्या मुलीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "शपथ घे. माझ्यामागं हिची आई तू व्हायचं."

मुलगी गुळाचा खडा चोखत होती. मावशीनं हात ठेवला म्हणून तिनं तो खडा मावशीपुढं धरला. धाकटी त्या खड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घेतली." आणि थोड्या वेळानं, "दाजींस्नी ठावं हाय?"

"मी सांगते की."

ते मी तीन आठवड्यांनी सांगितलं, जेवायला वाढताना. ह्यांच्या पानात अर्धी भाकरी होती.

"पाच वर्षांचं तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. केळी घेऊन."

ते म्हणाले, "आणि मला कुणी विचारलं?"

अर्धी भाकरी पानात ठेवून उठले. त्या वेळी मला वाटलं, माणूस गहिवरला. पुढं कितीतरी वर्षांनी मला कळलं, की तो राग होता.

आव्वानं रडत पाठवणी केली आणि धाकटी आमच्याकडे आली, लोकांना सांगायला मदतीसाठी. पहिल्याच संध्याकाळी तिनं देवापुढचा दिवा लावायचं काम आपल्याकडे घेतलं. दिवा लावला की मोठ्यानं म्हणायची, "माझ्या आक्काला बरं ठेव." मुलगीही हात जोडून तेच म्हणायची, आक्का म्हणजे आपली आईच हे तिला कळत नसतानाही.

मी तिला तयार करायला घेतलं. ह्यांना चहा किती उकळलेला लागतो. गिरणीच्या भोंग्याआधी डबा कसा भरायचा. कुठल्या शर्टाचं कोणतं बटण सैल आहे. ती ऐकून घ्यायची आणि मुकाट्यानं करायची. मी खाटेवर पडून सूचना द्यायची. एकदा म्हणाले, "पिठल्यात लसूण जास्त घाल, त्यांना आवडतो." ती म्हणाली, "त्यास्नी आवडतंय का तुला?" सासूबाई जपमाळ थांबवून हसल्या. मला हसू आलं नाही, कारण तिचं खरं होतं.

हे तिच्याकडे बघतच नसत. भिंतीकडे तोंड करून जेवायचे, तिला काही सांगायचं झालं तर मुलीमार्फत सांगायचे. कामावरून सुटल्यावर देवळात बसून राहायचे. ज्या माणसासाठी तिला राखून ठेवलं होतं, त्याच्यासमोर ती दिवसभर वावरायची आणि तो तिच्या सावलीवरूनही बाजूला व्हायचा. मला ते त्यांचं सभ्यपण वाटे. तिला काय वाटत असेल, हे मी विचारलं नाही.

गोळ्यांनी माझं तोंड पुरीसारखं फुगलं. नळावर बायका म्हणायच्या, "सुधारलीस की गं." मग मागे वळून धाकटीकडे बघत, "आणि ही वाळत चाललीय. दोघींत आजारी कोण?" उन्हापायी मी बारा महिने काळी छत्री घेऊन फिरायची. पेठेतली पोरं मला बघून म्हणायची, आली पावसाची बाई. पाऊस पडत नसे, तरी मी येत असे. तोंडात फोड यायचे. अळणी जेवणानं जिभेला सगळं सारखं लागायचं, भात आणि कापूस. थंडीत बोटांची टोकं निळी पडायची. चालताना खुब्यात काहीतरी घासल्यासारखं दुखायला लागलं, ते पुढं दोन्ही खुबे बदलून घेतले तेव्हाच थांबलं. डोळ्यांत मोतीबिंदू चाळिशीच्या आधीच आला. हे सगळं लांडग्याचं आणि थोडं त्याच्यावरच्या औषधाचं. कुठलं कुणाचं, हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नसे.

डॉक्टरांनी मला ती काचेची नळी आणि स्पिरिटचा दिवा घरी दिला होता. दर सोमवारी लघवी तापवून बघायची, किती पांढरी होते, म्हणजे दुखणं किती वाढलंय, ते सांगायला जायचं. माझी बोटं धड वळत नव्हती म्हणून नळी धाकटी धरायची. ती ज्योतीवर हलके फिरवायची, मग खिडकीशी नेऊन उजेडात बघायची. "आज ताकासारखं," म्हणायची. कधी "पान्यात पीठ टाकल्यागत." कधी नुसती नळी माझ्यापुढं धरायची. माझं आयुष्य किती उरलंय ते तिला दर सोमवारी दिसायचं. तिचंही त्याच नळीत होतं. ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या वर्षी आप्पा आले होते, त्यांनी सहज सांगितलं, त्या मास्तराचं लग्न झालं म्हणून. धाकटी पीठ चाळत होती. "बरं झालं," म्हणाली. चाळणी खाली ठेवली नाही.

चौथ्या वर्षी, पाऊस परतत असताना, मला आडवं झालं की श्वास घेता येईना. छातीत पाणी झालं होतं. मला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. अकरा दिवस मी उशांच्या उतरंडीला टेकून बसून काढले. छातीत सुई घालून पाणी काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच झालं. पाचव्या दिवशी आप्पा, आव्वा आले. आव्वाच्या पिशवीत मला हिरव्या बांगड्या दिसल्या. मी सासूबाईंना खुणेनं सांगितलं, ट्रंकेत इरकल आहे. त्यांनी मान हलवली, म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं.

त्या दिवशी ऐट नव्हती. आरशासमोरची ती बाई कुठे पळाली होती देव जाणे. मी आव्वाचं मनगट इतकं आवळलं होतं की तिला वळ उठले. मला मरायचं नव्हतं. शपथ, धाकटी, मुलगी, कुणी आठवलं नाही. फक्त पुढचा श्वास पाहिजे होता, आणि तो मिळाला की त्याच्या पुढचा.

सातव्या दिवशी पाणी वाढायचं थांबलं. अकराव्या दिवशी मला घरी आणलं.

आठवडाभरानं सासूबाई धाकटीची तक्रार सांगत होत्या. तू दवाखान्यात होतीस तेव्हा एक दिवस हिनं देवाला अंधारात ठेवलं. विचारलं तर म्हणे तेल संपलं. मी तेव्हा जिवंत परत आल्याच्या आनंदात होते, चेष्टेला काहीतरी हवंच होतं. धाकटीला म्हटलं, "अगं, मी मरत होते आणि तुला तेल आणायचं सुचलं न्हाई? चार वर्षांत एवढंच शिकवलं का मी तुला?" ती भांडी घासत होती. तिनं तवा उलटा करून पुन्हा राख लावली. मी आणखी दोन-तीन दिवस तेच उगाळलं. दिवे लागले की विचारायची, "आज तेल हाय का बाईसाहेब?"

पाचवं वर्ष सरलं. मुलगी सात वर्षांची होऊन शाळेत जायला लागली होती, त्यावरून मला नेमकं कळलं. मी उगीच घरभर फिरत होते, फलाटावर गाडी चुकलेल्या माणसासारखी. मग पायांची सूज दाखवायला म्हणून सात रस्त्याला गेले. वयस्कर डॉक्टर आता कमी बसायचे, त्यांच्या जागी पुण्याहून शिकून आलेला एक तरुण डॉक्टर होता. त्यानं कागद चाळले.

मी विचारलं, "माझी पाच वर्षं झाली. आता पुढं काय?"

"कसली पाच वर्षं?"

मी सांगितलं. त्याला हसू आवरलं नाही, मग वाईट वाटलं असावं. "बाई, ते जुन्या पुस्तकात असेल. ह्या गोळ्या यायच्या आधीचं. मूत्रपिंडं सांभाळलीत तर म्हाताऱ्या व्हाल तुम्ही. त्रास होतील. हाडं, डोळे, पुढं हृदयही बघावं लागेल. मूल नको. पण मराल कधी, ते मला नाही सांगता यायचं."

"खरं?"

"मी तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

मी छत्री न उघडता दवाखान्यातून बाहेर पडले. चार पावलं गेल्यावर आठवलं, उघडली. रस्ताभर मला हसू येत होतं, लोक बघत होते. म्हातारी होणार. दात पडणार, मुलीचं लग्न बघणार, सुना नसल्या तरी जावयाला छळणार. पेठेच्या तोंडाशी आले आणि पाय थांबले. घरात ही बातमी सांगायला समोर कोण असणार, ते तेव्हा आठवलं.

ती चोवीस वर्षांची झाली होती. मंद्रूपात तिच्या वयाच्या पोरींना तीन-तीन लेकरं होती. मास्तराला दोन. पाच वर्षं दाजीच्या घरात राहिलेली मुलगी कोण करणार? पुढं दोन वर्षांनी पंढरपूरकडच्या एका विधुराला तिला दिली, त्याला आधीची दोन मुलं होती. शेवटी दुसरेपणावरच गेली ती, फक्त माझ्या नवऱ्याला नव्हे. तिनं ती मुलं नीट वाढवली. तिला एक दिवसाचंही दुखणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेली. तिच्या अंगावर घालायला मी तेच हिरवं इरकल नेलं. मी अजून आहे.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी घरी आले तेव्हा सोमवार होता आणि ती खिडकीशी नळी घेऊन उभी होती. सकाळची लघवी मी ठेवून गेले होते. नळी उजेडात धरलेली होती आणि आतलं पाणी स्वच्छ होतं. पांढरं काही नाही. ती ते बघत होती.

"डाक्टर म्हणाला मी म्हातारी होणार," मी म्हणाले. "पुस्तक जुनं होतं म्हणे."

तिनं नळी पालथी केली, विसळली, फडक्यानं पुसली आणि फडताळात तिच्या जागेवर ठेवली. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. दुसऱ्या डाक्टरला इचार म्हटलं हुतं की, असं तरी म्हणेल. मी त्यासाठी तयार होते, मला ते हवंही होतं. मी म्हणाले, "मला माफ कर गं."

ती पदराला हात पुसत माझ्यासमोर बसली. माझ्याकडे सरळ बघत, सावकाश म्हणाली, "आक्का, तू दवाखान्यात हुतीस तवा एक दिस मी दिवा लावला न्हाई. तेल हुतं."